'टिंक्चर' शब्दाचा अर्थप्रवास : रंग, अर्क, औषध आणि दारू (जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

परभाषेतील शब्द मराठीत येतो तेव्हा तो मूळ भाषेतील आपले सगळे गणगोत बरोबर घेऊन येत नाही. बहुधा त्याचा एखादाच अर्थ येतो आणि बाकीचे अर्थ वेशीबाहेर राहतात. 'टिंक्चर' हा या प्रक्रियेचा बोलका नमुना होय. मराठवाड्यातील खेड्यांत 'टिंचर' म्हटले की जखमेवर लावायचे, झोंबणारे आणि कातडीवर तपकिरी डाग ठेवणारे औषध एवढाच बोध होतो. इंग्रजीत मात्र हा शब्द रंग, छटा, लेश, किमयागाराचे द्रव्य, मानचिन्हावरील रंग आणि मद्यार्कात मुरवलेले औषध अशा अनेक अर्थांनी वावरतो. पारिभाषिक कोशांतून आणि भाषांतरांतून त्याला 'अर्क', 'निष्कर्ष', 'आसव', 'छटा' असे पर्याय सुचवता येतात. परंतु त्यांपैकी कोणता कोठे चालतो आणि कोठे फसतो याची चिकित्सा क्वचितच होते. जालना जिल्ह्याचा भाषिक इतिहास या चिकित्सेला विशेष उपयुक्त ठरतो. निजामी राजवटीतील फार्सी-उर्दू, छावणी व मिशनची इंग्रजी, वैद्यांची संस्कृत परिभाषा आणि शिवारातील बोली या चारही प्रवाहांचे पाणी येथे एकमेकांत मिसळलेले आहे.

रंगापासून औषधापर्यंत

लॅटिनमधील 'टिंगेरे' या क्रियापदाचा अर्थ बुडवणे, भिजवणे, रंगवणे असा आहे. त्यावरून 'टिंक्टुरा' म्हणजे रंगवण्याची क्रिया. इंग्रजीतील 'टिंट' आणि 'टिंज' ही त्याचीच भावंडे. डाग लागणे या अर्थाच्या 'टेंट' या शब्दातही त्याचा अंश आहे. स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये 'टिंटा' म्हणजे शाई, आणि गोव्याच्या कोकणीत शाईला 'तिंत' म्हणतात ते याच वाटेने. मराठीने शाईसाठी फार्सीतील 'सियाही', म्हणजे काळेपणा, हा शब्द उचलला. दोन्हीकडे लिहिण्याचे द्रव्य रंगावरूनच ओळखले गेले, हे लक्षणीय आहे.

रंगारी कापड बुडवतो तेव्हा वनस्पतीचा गुण पाण्यात आणि पाण्यातून धाग्यात उतरतो. औषध करणाऱ्याने साल, मूळ वा पान मद्यार्कात भिजवले की द्रवाला रंग चढतो. रंग चढला म्हणजे गुण उतरला, अशी समजूत झाली. 'टिंक्चर' हा शब्द रंगाच्या कामातून औषधाच्या कामात आला तो या निरीक्षणाच्या आधारे. येथे आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ज्या 'अल्कोहोल'मध्ये हे औषध मुरते, तो शब्दही मुळात रंगद्रव्याचाच आहे. अरबीत 'अल्-कुह्ल' म्हणजे डोळ्यांत घालायचे अंजन, सुरमा. अतिसूक्ष्म चूर्ण, मग कोणत्याही वस्तूचे शुद्ध सार आणि शेवटी मद्याचे सार असा त्याचा प्रवास झाला. म्हणजे टिंक्चरच्या बाटलीवरील दोन्ही मुख्य शब्द, एक रंगाऱ्याच्या हौदातून आणि दुसरा काजळाच्या डबीतून, औषधालयात पोहोचले.

युरोपीय किमयागारांनी 'टिंक्चर'ला आणखी वेगळा अर्थ दिला. हीन धातूला सोन्याचा रंग आणि सोन्याचा गुण देणारे द्रव्य ते टिंक्चर. भारतीय रसशास्त्रात याला अगदी जुळणारी संकल्पना आहे. पारदाच्या अठरा संस्कारांत 'रंजन' हा एक संस्कार सांगितला जातो. रंजित पारद पुढे धातूचा वेध करतो, म्हणजे त्याचे रूपांतर घडवतो, अशी धारणा. या अर्थाने 'टिंक्चर'चा सर्वांत अचूक संस्कृत प्रतिशब्द 'रंजन' हाच ठरला असता. परंतु मराठीत 'रंजन' हा शब्द तोवर मनाकडे गेला होता. मनोरंजन म्हणजे मन रंगवणे. त्या अर्थात आता रंगाऱ्याचा हौद कोणालाही दिसत नाही.

संस्कृतमधील 'रंज्' धातूचा हा प्रवास सविस्तर पाहण्यासारखा आहे. रंग, राग, रक्त, अनुराग, विरक्ती हे सारे शब्द त्या एका धातूपासून निघाले. रक्त म्हणजे मुळात रंगलेले. शरीरातील लाल द्रवाला हे नाव मागाहून मिळाले. राग म्हणजे रंग, मग आसक्ती, मग स्वरांची विशिष्ट रचना. मराठीने त्यात संताप हा अर्थ जोडला, जो हिंदीतील 'राग'ला नाही. विरक्त म्हणजे ज्याचा रंग उतरला आहे तो. कालिदासाने रघुवंशात 'राजा' या शब्दाचा संबंध प्रजेच्या रंजनाशी लावला. व्युत्पत्ती म्हणून तो शंकास्पद असला तरी राज्यकारभाराकडे रंगाच्या रूपकातून पाहण्याची वृत्ती त्यात दिसते. सोयराबाईंच्या सुप्रसिद्ध अभंगात देव आणि भक्त यांतील भेद मावळण्याला रंग एकच होण्याचे रूप दिले आहे. लॅटिन धातूचे वंशज औषधालयाकडे वळले आणि संस्कृत धातूचे वंशज मनाकडे व भक्तीकडे वळले, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

ढोबळमानाने असे म्हणण्याचे कारण, वैद्यकातही हे रूपक पूर्णतः सुटले नव्हते. आयुर्वेदात चूर्णाला एखाद्या रसाची वा काढ्याची 'भावना' देतात, म्हणजे चूर्ण त्या द्रवात भिजवून, खलून, वाळवतात. अशा भावना तीन, सात वा त्याहून अधिक वेळा देण्याचा प्रघात आहे. द्रवाचा गुण कोरड्या द्रव्यात पुन:पुन्हा मुरवण्याची ही क्रिया रंगाऱ्याच्या कामापासून फारशी दूर नाही. बोलीत 'भावना'चा हा अर्थ वैद्यांपुरता उरला आणि मनोविकार हा अर्थ सर्वत्र पसरला. 'वासना' या शब्दाकडेही याच रीतीने पाहता येते: वास लागणे, सुगंधाने भारणे यापासून मनावर मागे राहिलेल्या संस्कारापर्यंत.

कुसुंबा : एक जवळचा दाखला

रंगाचा शब्द नशेच्या पेयाला लागण्याचा दाखला शोधण्यासाठी युरोपात जाण्याची आवश्यकता नाही. करडईच्या फुलापासून निघणारा तांबडा-केशरी रंग म्हणजे कुसुंबा. राजस्थान व गुजरातेत हाच शब्द 'कसुंबा' या रूपात अफू घोळवलेल्या पाण्यासाठी वापरला जातो. पाहुण्याला ओंजळीतून कसुंबा देण्याची प्रथा तेथे प्रसिद्ध आहे. म्हणजे 'टिंक्चर ऑफ ओपियम' या इंग्रजी शब्दप्रयोगात जे घडले तेच या शब्दातही घडले आहे. रंगाचे नाव अफूच्या द्रावणाला लागले. पॅरासेल्ससने 'लॉडॅनम' हे नाव रूढ केले आणि सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅमने अफूचे मद्यातील द्रावण वैद्यकात लोकप्रिय केले. तेथे औषध आणि व्यसन यांतील सीमारेषा जशी पुसट होती, तशीच कसुंब्याच्या ओंजळीतही होती.

करडई हे मराठवाड्याचे रब्बीतील परिचित पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) विकसित केलेल्या करडईच्या एका वाणाचे नावच 'परभणी कुसुम' आहे. आज करडई तेलासाठी घेतली जाते. कृत्रिम रंग आल्यावर कुसुंब्याचा धंदा मावळला आणि शब्द लावणी, लोकगीत व पैठणीच्या वर्णनापुरता उरला. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरातील रंगारी गल्ली हे नाव मात्र त्या व्यवसायाची साक्ष देत टिकून आहे.

अर्क, आसव, निष्कर्ष : पर्यायांची चिकित्सा

'टिंक्चर'साठी मराठीत सर्वांत सहज सुचणारा पर्याय 'अर्क' होय. होमिओपॅथीतील 'मदर टिंक्चर'ला 'मूळ अर्क' म्हटले जाते. या पर्यायावर शास्त्रीय आक्षेप घेता येतो. 'अर्क' हा शब्द मराठीत दोन स्रोतांतून आला. संस्कृत 'अर्क' म्हणजे सूर्य आणि रुईचे झाड. मारुतीला वाहिली जाणारी पाने या झाडाची. औषधातील 'अर्क' मात्र अरबी 'अरक' या शब्दाचा. त्याचा मूळ अर्थ घाम. भट्टीवर ठेवलेल्या भांड्याच्या झाकणाला आतून जे थेंब सुटतात ते घामासारखे दिसतात, यावरून उर्ध्वपातनाने मिळवलेल्या द्रवाला 'अरक' म्हटले गेले. युनानी वैद्यकातील गुलाबाचा किंवा बडीशेपेचा अर्क हा असा वाफेतून उतरवलेला असतो. वाफेबरोबर उडून जाणारे घटकच त्यात येतात, म्हणून तो बहुधा रंगहीन असतो. टिंक्चर याच्या उलट. ते वाफेतून येत नाही, मुरवण्यातून किंवा झिरपण्यातून येते, आणि वनस्पतीचा रंग घेऊनच येते. रंगहीन द्रवाचे नाव ज्याची ओळखच रंग आहे अशा द्रवाला देणे हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने विसंगत आहे.

तथापि व्युत्पत्तीचा निकाल हा अंतिम निकाल नसतो. जालना जिल्ह्याच्या शिवारात 'अर्क' या शब्दाने उर्ध्वपातनाची अट केव्हाच सोडली आहे. पाच टक्के निंबोळी अर्क कसा करतात हे येथील शेतकऱ्याला ठाऊक असते: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळावी, त्यात साबणाचे पाणी मिसळावे आणि एकूण द्रावण शंभर लिटर करावे. दशपर्णी अर्कात दहा प्रकारचा पाला शेण व गोमूत्रासह महिनाभर कुजवतात. यांत भट्टी नाही, वाफ नाही, घाम नाही. कृषी विज्ञान केंद्रांच्या पत्रकांपासून बांधावरच्या बोलण्यापर्यंत 'अर्क' म्हणजे भिजवून, गाळून काढलेला गुण, असा अर्थ स्थिर झाला आहे. त्यामुळे 'मूळ अर्क' हा पर्याय आता चुकीचा म्हणून बाद करता येत नाही. बदलाची नोंद कोशांनी घ्यावयास हवी, एवढेच म्हणता येते. शिवाय याच शब्दाने मराठीत आणखी दोन घरे केली आहेत. एखाद्या बेरकी माणसाला 'अर्क आहे' म्हणतात, आणि व्यक्तीच्या चेहऱ्यातील वैशिष्ट्य अतिशयोक्तीने उतरवणाऱ्या चित्राला 'अर्कचित्र' म्हणतात. 'टिंक्चर'ला असे भाग्य मराठीत लाभले नाही.

'आसव' हा पर्याय अधिक संस्कृतप्रचुर लेखनात आढळतो आणि तो मात्र टिकत नाही. शार्ङ्गधर संहितेत आसव आणि अरिष्ट यांतील भेद स्पष्ट केला आहे. औषध न शिजवता पाण्यात घालून सिद्ध केलेले ते आसव आणि काढा करून सिद्ध केलेले ते अरिष्ट. दोन्हींत गूळ वा मध आणि धायटीची फुले घालून भांडे बंद करून ठेवतात, आणि मद्यांश आत आपोआप तयार होतो. टिंक्चरमध्ये मद्यार्क बाहेरून आणून ओततात. हा भेद वरवर तांत्रिक भासला तरी कायद्याच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला आहे. आपोआप निर्माण होणारा मद्यांश आणि बाहेरून घातलेला मद्यांश यांना आबकारीच्या नियमांनी निराळे लेखले. 'कुमारी आसव' आणि 'टिंक्चर' यांना एका शब्दात कोंबणारा भाषांतरकार म्हणूनच अडचणीत येतो.

'निष्कर्ष' या पर्यायाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शब्द व्युत्पत्तीने योग्य आहे, कारण ओढून काढलेले ते निष्कर्ष. परंतु प्राध्यापकांच्या लेखनातून तो अनुमानाच्या अर्थाने इतका रूढ झाला आहे की 'आयोडीनचा निष्कर्ष' हे शब्द हास्यास्पद वाटतात.

या सर्व पर्यायांत एक अस्सल मराठी क्रियापद दुर्लक्षित राहिले, ते म्हणजे 'मुरवणे'. लोणचे मुरते, पाक मुरतो, पाणी जमिनीत मुरते आणि राजकारणी माणूसही मुरतो. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकासासाठी ओळखले जाते. तेथील कामाचे वर्णन ग्रामस्थ 'पाणी मुरवणे' असेच करतात. औषधनिर्माणशास्त्रात टिंक्चर करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत वनस्पती द्रवात काही दिवस ठेवून देतात, दुसरीत वनस्पतीच्या थरातून द्रव हळूहळू झिरपू देतात. त्यांना 'मुरवण' आणि 'झिरपण' यांहून नेमके शब्द सापडणे कठीण. परिभाषा घडवताना संस्कृतकडे जाण्याची सवय इतकी दृढ होती की घरातल्या लोणच्याच्या बरणीकडे लक्षच गेले नाही.

अरबीने या बाबतीत वेगळा मार्ग पत्करला. अरबीत 'सिब्गा' म्हणजे रंग, आणि टिंक्चरसाठीही तोच शब्द; आयोडीनच्या टिंक्चरला 'सिब्गत अल्-यूद' म्हणतात. युरोपीय शब्दातील रूपक ओळखून ते आपल्या भाषेतील समांतर रूपकात उतरवणे हे चांगल्या पारिभाषिक कामाचे लक्षण मानले पाहिजे. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाने (१९१८) उर्दू माध्यमातून वैद्यकासह उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग केला होता, आणि जालना त्या राज्याचा भाग होता. तरीही येथील मराठीत रूढ झाला तो इंग्रजी 'टिंचर'च. छावणी, मिशनचे रुग्णालय आणि पुढे सरकारी दवाखाना यांतून शब्द कानांनी आला. कोशांतून आला नाही.

साहित्यातील टिंक्चर

औषधापलीकडचे अर्थ भाषांतरकाराची खरी परीक्षा घेतात. जॉर्ज हर्बर्ट या इंग्रज कवीच्या 'द एलिक्सर' या कवितेत (१६३३) 'टिंक्चर' हा शब्द किमयागाराच्या अर्थाने येतो. ईश्वरासाठी म्हणून केलेले काम कितीही हलके असो, त्या भावाच्या स्पर्शाने ते उजळते, आणि खोली झाडणाऱ्या चाकराचे कामही दिव्य होते, असा तिचा आशय आहे. या ठिकाणी 'अर्क' लिहिले तर अर्थ हरवतो, 'छटा' लिहिले तर तो पातळ होतो. 'परीस' लिहिल्यास कल्पना पोहोचते, पण भिनण्याची क्रिया जाते, कारण परीस वरून लागतो आणि टिंक्चर आत उतरते. मराठी वाचकाला येथे गंगाखेडच्या जनाबाईची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. हर्बर्टच्या चाकराचे काम भावाने रंगते. जनी झाडते तेव्हा केर भरायला देव स्वतः येतो. तेथे रंग देणाऱ्या द्रव्याची गरजच उरत नाही. भाषांतरात 'जनाबाईसारखे' म्हणून वेळ मारून नेणाऱ्या तुलना या भेदाकडे डोळेझाक करतात.

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये गर्ट्रूड स्वतःच्या अंतःकरणावरील न निघणाऱ्या काळ्या डागांविषयी बोलते. तेथे 'टिंक्ट' हे याच शब्दाचे रूप आहे आणि त्यात पक्क्या रंगाच्या कापडाची प्रतिमा आहे. आगरकरांनी या नाटकाचे भाषांतर 'विकारविलसित' (१८८३) या नावाने केले. ते नाव मनोविकारांवर भर देते. रंगाऱ्याची प्रतिमा मराठीत आणायची तर 'पक्का रंग', 'रंग न उतरणे' हे साधे शब्दप्रयोग हाताशी आहेतच. मराठीला येथे शब्दांची उणीव नाही. उणीव असते ती मूळ शब्दात रंग आहे याच्या जाणिवेची.

दारू, दवादारू आणि दारूबंदी

'टिंक्चर'चा सर्वांत गंभीर अर्थविस्तार समाजजीवनात घडला. त्याआधी 'दारू' या शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे. फार्सीत 'दारू' म्हणजे औषध. मराठीने तो शब्द घेतला आणि त्याचे मद्य केले, बंदुकीची भुकटीही केली. 'दारूगोळा' आणि 'दारूकाम' ही त्याचीच प्रजा. मूळ अर्थ फक्त 'दवादारू' या जोडशब्दात शिल्लक राहिला. (हैदराबादेतील 'दारुश्शिफा' या जुन्या रुग्णालयाच्या नावाशी याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा आहे, तेथील 'दार' हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ घर आहे.) जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली तेव्हा मराठी माणसाच्या तोंडी 'दारू' या एका शब्दात तोफेची भुकटी आणि मद्य ही दोन्ही होती, आणि 'दवादारू'त औषधही होते.

मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला तेव्हा या शब्दाच्या पोटातील जुना अर्थ अनपेक्षितपणे न्यायालयात उभा राहिला. मद्य म्हणजे काय याची व्याख्या इतकी व्यापक होती की मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधनेही तिच्यात येत होती. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या १९५१च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यतः वैध ठरवला, परंतु मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधन द्रव्ये बाळगणे, विकणे, वापरणे यांवर बंधन घालणारा भाग अवैध ठरवला. त्यानंतर कायद्यात दुरुस्ती होऊन, मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशा औषधांना सूट देणारी तरतूद आली. फार्सी 'दारू'ला मराठी 'दारू'पासून सोडवण्याचेच हे काम होते, असे भाषेच्या अभ्यासकाला म्हणता येईल. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो मुंबई राज्यात आला १९५६ साली, आणि स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. २०१२ मध्ये मूळ कायद्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. 'दारूबंदी' मात्र कायम आहे.

'पिण्यास अयोग्य' ही कसोटी कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात दारू महाग किंवा बंद झाली की कोणती बाटली पिण्यास योग्य हे पिणारा ठरवतो. गढवालात टिंक्चरपासून 'टिंचरी' हा शब्द झाला आणि तो सरळ दारूचेच नाव बनला. त्याविरुद्ध लढणाऱ्या एका स्त्रीला लोकांनी 'टिंचरी माई' या नावाने ओळखले. औषधाच्या शब्दाचे असे संपूर्ण धर्मांतर मराठीत झाले नाही, पण घटना टळल्या असे नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात दारूची दुकाने बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने काही जण मृत्युमुखी पडले. कायद्याने या धोक्याचा विचार केलेला दिसतो. बारा टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेले होमिओपॅथिक औषध तीस मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत किरकोळ विकता येत नाही, असा औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील दंडक आहे. मूळ अर्काची बाटली लहान असण्यामागील एक कारण हेही आहे.

रंगावरून ओळखले जाणारे औषध

आयोडीनचा शोध बर्नार कूर्त्वा याने १८११ साली समुद्रशेवाळाच्या राखेत लावला, आणि त्याच्या वाफेच्या जांभळ्या रंगावरून त्याला ग्रीक नाव मिळाले. १९०८ साली अंतोनियो ग्रोसिक याने शस्त्रक्रियेपूर्वी कातडीवर आयोडीनचे टिंक्चर लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भारतीय औषधसंहितेतील सौम्य आयोडीन द्रावणात सुमारे दोन टक्के आयोडीन असते. या द्रावणामुळेच 'टिंचर' हा शब्द मराठी घरात पोहोचला. येथे एक वर्तुळाकार गोष्ट घडलेली दिसते. शब्द रंगापासून निघून औषधापर्यंत गेला, आणि खेड्यात पुन्हा रंग म्हणूनच ओळखला गेला. ग्रामीण रुग्ण औषधाचे रासायनिक नाव सांगत नाही. तो 'लाल औषध', 'निळं औषध', 'पिवळं मलम' असे सांगतो. 'लाल औषध' म्हणजे जखमेवरचे मर्क्युरोक्रोम असू शकते किंवा विहिरीत टाकायचे पोटॅशियम परमँगनेटही असू शकते. डॉक्टरने हे बोलणे अडाणीपणा म्हणून उडवून लावणे सोपे असते. पण रंग हीच जिथे वस्तूची एकमेव वाचता येणारी खूण आहे, तिथे रुग्णाने दिलेली माहिती त्याच्या परीने नेमकी असते.

जालन्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) सुरू केली. बियाण्याच्या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालना बियाण्याचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. बुरशीनाशक लावलेले बियाणे मुद्दाम गुलाबी, लाल वा निळे रंगवलेले असते, जेणेकरून ते कोणी धान्य समजून खाऊ नये. लॅटिन 'टिंगेरे'चा मूळ अर्थ येथे शब्दशः जिवंत आहे: द्रव्य मुरवलेले आणि रंगही मुरवलेला. शेतकरी त्याला 'औषध लावलेलं बी' म्हणतो.

कीटकनाशकाच्या डब्यावरही नियमानुसार रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. पहिल्या दोन प्रकारांवर 'विष' हा शब्द लाल अक्षरांत छापावा लागतो. युरोपीय मानचिन्हशास्त्रात ढालीवरील रंगांना 'टिंक्चर' म्हणतात. सोने व चांदी हे दोन धातू, मोजके रंग आणि काही लोकरी नमुने एवढेच त्यात मान्य असतात, आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये असा नियम आहे. दुरून, धुळीत, घाईत ढाल ओळखता यावी हा त्यामागील हेतू. कीटकनाशकाच्या त्रिकोणाचा हेतूही तोच. फरक इतका की ढालीचे रंग ज्यांना वाचायचे होते त्यांना ते शिकवले गेले होते. त्रिकोणाचे रंग शेतकऱ्याला कोणी शिकवले, हा प्रश्न कृषी विस्ताराच्या पाठ्यक्रमांनी पुरेशा गांभीर्याने हाताळलेला दिसत नाही.

बोलीने या डब्याला दिलेले नाव 'औषध' असे आहे. फवारणीचे औषध, तणाचे औषध, बोंडअळीचे औषध. दुकानदार हाच शब्द वापरतो, कृषी सहायकही वापरतो. मराठवाड्यातील कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात रात्री आणलेल्या रुग्णाचे नातेवाईक 'औषध घेतलं' असे सांगतात तेव्हा ते आजारावर घेतलेल्या औषधाविषयी बोलत नसतात, आणि हे तेथील परिचारिकेला सांगावे लागत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीतून रुग्णेतिहास घ्यायला शिकलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या नव्या डॉक्टरला मात्र तो शब्द पहिल्यांदा कोशातल्या अर्थाने ऐकू येतो. कोणते औषध, हा पुढचा प्रश्न तो विचारतो, आणि उत्तर बहुधा डब्याच्या रंगात मिळते.